आधी केर, मग लेणी

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आमचं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, स्वयंपाकात काय शिजतं तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जानेवारीत रविवारची सुट्टी असते ना तुमाला?" माझ्या नवऱ्याला वाटलं, घरात काही कार्य असेल. तसं नव्हतं. जानेवारीत एका रविवारी घराची सहल निघायची आणि भाडेकरूंनी सहलीला यायचं ही खोलीची अट होती. पाहुणे आलेत, डोकं दुखतंय, मुलांची परीक्षा आहे, यातलं काही चालायचं नाही. परीक्षा असेल तर पुस्तक टेंपोत घ्यायचं.

मी तेव्हा साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. आठवडाभर माल चढवून-उतरवून घेतला की रविवारी मला झोप हवी असायची. म्हणून मी सरळ विचारलं, तुमच्या घरच्या सहलीत आमचं काय काम?

"घरात राहणार ना?" बाई म्हणाल्या. "मग घरातलीच की गं."

कर्जतला दहिवलीत आम्ही त्या घरात बरीच वर्षं काढली. आता आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, तरी जानेवारीतला रविवार मोकळा ठेवावा लागतो. फ्लॅट घेतला म्हणून घर सुटत नाही, असं बाईंनी आम्हाला निरोपाच्या चहाबरोबरच सांगून ठेवलं होतं.

बाई म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, निवृत्त झालेल्या. खालापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरून नोकरी केलेली. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलाला शिकवलं, तो इंजिनीअर होऊन नवी मुंबईत नोकरीला लागला. साडीवर पुरुषांचे कॅनव्हासचे बूट घालायच्या. पर्समध्ये एक छोटी बॅटरी कायम असायची. दवाखान्यातली सवय. लेण्यातली अंधारी कोठडी आणि पोरांचा सुजलेला घसा त्या एकाच बॅटरीने आणि एकाच चेहऱ्याने बघायच्या.

माझ्या सासरच्यांनी फोनवर घरमालकिणीचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचं पुढचं वाक्य मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी फोन ठेवला. पुढच्या खेपेला सासूबाई चार दिवस राहायला आल्या, त्यांचा खोकला बाईंनी बरा केला, आणि आडनावाचा विषय निघाला नाही.

घर म्हणजे ओळीने खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक लांब पडवी. त्या घरात केराचे कायदे फार कडक होते. ज्याने त्याने आपल्या दारापुढचं झाडायचं. झाडायला बाई ठेवायची नाही. आणि दुसऱ्याचं दार कुणी झाडायचं नाही, अगदी प्रेमानेसुद्धा नाही. शेजारी तांदळाचा एक व्यापारी राहायचा. त्याची बायको तापाने आडवी झाली होती, म्हणून मी एकदा आपल्याबरोबर त्यांचंही दार झाडायला घेतलं. बाई बाहेर आल्या आणि माझ्या हातून केरसुणी काढून घेतली.

"तिला बरं नाय तर भाकर दे, पेज दे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं दार झाडायचं नाय. पुन्हा नको करू."

मी ते म्हातारपणीचं खूळ समजले आणि पेज दिली.

सहल त्याच व्यापाऱ्याच्या टेंपोतून निघायची. एरवी त्यात तांदळाच्या गोण्या जात, त्या दिवशी आम्ही. खाली रिकामी पोती, त्यावर सतरंजी. घरी येऊन डोकं विंचरलं की कोंडा निघायचा, आणि तो भाताचा असायचा. व्यापारी गाडी चालवता चालवता मागे ओरडून सांगायचा की त्याच्या गोण्या आमच्यापेक्षा शिस्तीच्या, त्या कधी लघवीला थांबवत नाहीत.

बाईंना लांबचं काही बघायचं नसायचं. कर्जत आणि खालापूर, दोन तालुके, त्यांच्या बाहेर टेंपो गेला नाही. कुणी वेरूळ-अजिंठा काढलं की त्या म्हणायच्या, आधी परसदार बघा. पळसदरीचं धरण, नेरळचा बाजार, चावणीजवळची, जुन्या लढाईची उंबरखिंड. खालापुरात टेंपो एका जुन्या सरकारी दवाखान्यापुढे थांबायचा, आणि आम्ही सगळ्यांनी खाली उतरून एक खिडकी बघायची. त्या खिडकीत बसून बाईंनी पहिल्यांदा केसपेपर लिहिले होते. त्यांच्या मते तेही ऐतिहासिक ठिकाणच होतं. पहिल्या वर्षी मला हसू आलं. नंतर त्या गावातल्या बायका त्यांना बघून रस्ता ओलांडून येताना पाहिल्या आणि मी खिडकी नीट बघायला लागले.

शेवटचा मुक्काम मात्र लेण्यात. एक वर्ष कोंडाण्याला, एक वर्ष आंबिवलीला. कोंडाण्याला जंगलातून बरंच चालावं लागायचं, तरी बूट करकरवत बाई पुढे आणि धापा टाकत आम्ही मागे. आणि प्रत्येकाच्या खांद्यावर खराटा. हो, खराटा. टेंपोत पोत्यांखाली खराटे आणि केरसुण्या भरलेल्या असायच्या. लेण्यापाशी पोचलं की फोटो नाही, जेवण नाही, आधी केर. सागाची वाळकी पानं, वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, चुलीची राख. आतल्या कोठड्यांपासून सुरुवात करायची आणि उंबऱ्याकडे यायचं. धुरळा उडवायचा नाही. पाण्याच्या टाक्यात पान पडू द्यायचं नाही. सगळं झालं की बाई बॅटरी घेऊन एकेक कोठडी तपासायच्या, कोपरा राहिला असेल तर परत पाठवायच्या, आणि मग म्हणायच्या, "आता बघा काय बघायचं ते."

इतिहास त्यांना फारसा येत नव्हता. फलकावर लिहिलेलं असे तेवढाच. माझ्या मुलीने एकदा विचारलं, इथे कोण राहायचं? बाई म्हणाल्या, "भिक्खू. पावसाळ्यात हिंडता यायचं नाय, मग चार महिने हितं बिऱ्हाड करायचे. भाडेकरूच गं, तुमच्यासारखे." मग दगडी ओट्यावर हात फिरवून, घरमालकिणीच्या नजरेने छताकडे बघत म्हणाल्या, "खोली बारकी हाय, पण ओल नाय."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. उंबरखिंडीला आम्ही खराटे खाली उतरवत नसू. एखाद्या गडाच्या पायथ्याच्या देवळातही नाही. तिथे कितीही कागद पडलेले असोत, बाई हात जोडायच्या, बघायच्या आणि परत फिरायच्या. केर फक्त लेण्यात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पायाखाली बघून चाल."

कारण कळलं ते बाईंच्या मुलाचं लग्न ठरलं त्या वर्षी.

मुलगी कल्याणची, शिक्षिका. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई शांत, टापटीप. बाईंनी बोलणीच्या दिवशीच त्यांना सहलीचं आमंत्रण देऊन टाकलं, कारण मुलगी घरात येणार तर तिच्या आईबापांनी घर बघायला हवं. सहलीच्या आदल्या दिवशी मुलगा आला. पडवीत बाई सुपात तांदूळ निवडत होत्या, मी पलीकडे कपडे वाळत घालत होते. मी तिथे आहे हे दोघांना दिसत होतं, तरी तो बोलला. म्हणजे बरेच दिवस मनात असणार.

"आई, या वर्षी खराटे नकोत."

बाई खडा शोधत राहिल्या.

"आजीने खराटा चुलीत घातला. तूच सांगितलंस मला. आणि तू दर वर्षी टेंपोभर माणसांसमोर तोच हातात घेतेस. शाळेत पोरं मला विचारायची, तुझी आई लेण्यात पण झाडायला जाते का. तेव्हा मी लहान होतो, गप्प बसलो. उद्या माझे सासू-सासरे आहेत. त्यांच्यासमोर नको. मला नाही सहन होणार."

बाईंच्या आईची गोष्ट त्या घरात सगळ्यांना माहीत होती. गावातल्या मोठ्या घरांची अंगणं आणि चावडीपुढची जागा झाडायचं काम तिच्याकडे होतं. काम म्हणजे नोकरी नव्हे, जन्माबरोबर आलेलं. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिने तो खराटा मोडून चुलीत घातला आणि त्या जाळावर भात शिजवला. तो भात घरातल्या सगळ्यांनी बसून खाल्ला. पुढे कुणाच्या बोलावण्याला ती गेली नाही, आणि त्याची किंमत मोजताना कुरकुरली नाही. त्यामुळे मुलाचं म्हणणं मला पटलं. अगदी खरं सांगायचं तर बाईंपेक्षा मला त्या वेळी त्याचंच जास्त पटलं.

बाई "बरं" म्हणाल्या आणि सूप झटकलं.

दुसऱ्या दिवशी टेंपो निघायच्या आधी मुलाने पोती उचलून बघितली. खाली काही नव्हतं. मुलीचे वडील पुढे व्यापाऱ्याशेजारी बसले, त्यांची बायको आणि मुलगी आमच्यात मागे. बाईंनी एकेकाकडे बोट करून नाव-आडनावासकट ओळख करून दिली, "ही घरातली, हा घरातला, ही पोरं घरातली." मुलीची आई प्रत्येकाचं वेगळं आडनाव ऐकून जरा गोंधळली, पण हसून मान डोलावत राहिली. वाटेत कशेळ्याला चहा आणि भजी झाली. तिथे व्यापारी हात चोळत म्हणाला, "आज आमी नुसते पर्यटक. बाई, हात कसे हलके वाटतात." बाईंनी त्याच्या बशीतलं शेवटचं भजं उचललं आणि खाल्लं.

आंबिवलीचं लेणं नदीच्या वळणावर आहे. पुढे ओसरीसारखी जागा, खांब, आत मोठा चौक आणि भोवती कोठड्या. बाहेरून बघितलं तर कुणाच्याही मनात भरावं. आम्ही उंबऱ्यापाशी गेलो आणि थांबलो. आत कुणीतरी मोठी पार्टी करून गेलं होतं. थर्माकोलच्या ताटल्या, हाडं, फुटक्या बाटल्या, मधोमध अर्धवट जळालेली लाकडं. वास येत होता.

बाई आत गेल्या नाहीत. मागे वळल्या, नदीकडच्या एका सपाट दगडावर बसल्या आणि सगळ्यांना पाणी वाटायला लागल्या. जेवणाची टोपली त्यांनी स्वतःच्या पायाशी ठेवली. भाकऱ्या होत्या, वालाचं बिरडं होतं, पण झाकण निघालं नाही.

मुलीच्या आईने हळूच विचारलं, "आत नाही जायचं?"

"केरात पाहुणे बसवायची आपल्यात पद्धत नाय," बाई म्हणाल्या.

मुलीचे वडील सज्जन माणूस. म्हणाले, अहो त्यात काय, आणि बाह्या वर करून ताटल्या उचलायला निघाले. बाईंनी त्यांना बसवलं. "तुमी पाहुणे. पाहुण्यानं केर काढायचा नसतो. लग्न लागू द्या, मग झाडा हवं तर." सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो आईसमोर येऊन उभा राहिला. आवाज त्याने खालीच ठेवला होता, पण तिथे नदी आणि आम्ही सोडून दुसरा आवाज नव्हता.

"तू हे मुद्दाम करतेस."

बाईंनी त्याच्याकडे वर बघितलं. "मी खराटे आणले? तू नको म्हणालास, नाय आणले."

"मग आत चल ना."

"नाय येणार." त्या जराही चिडल्या नव्हत्या. "आयनं जाळला तो दुसऱ्याच्या दारातला खराटा. तिला हुकूम व्हायचा. हितं मला कोणी हुकूम केला? उंबरखिंडीत मी झाडलं कधी? देवळात झाडलं? तिथं ज्याचं त्यो बघंल. आणि तू जयंतीला माईकवर काय सांगतोस रं? ही लेणी आपली. टाळ्या घेतोस. मग आपल्या घरातला केर काढायला कोण येणार, ते सांग मला. गाववाले? का सरकार? का मी मेल्यावर कोणीच नाय?"

मला पडवीतली ती केरसुणी आठवली आणि बाईंचे सगळे कायदे एकदम सरळ दिसायला लागले.

मुलगी पुढे झाली. धीट होती. म्हणाली, "आई, मी पाहुणी की घरातली?"

"तू अजून पाहुणी," बाई म्हणाल्या. "घाई नको करू. आधी याला ठरवू दे, ह्यो घरातला हाय का."

मुलगा वळला आणि नदीकाठच्या पायवाटेने चालायला लागला. टेंपोकडे नव्हे, गावाच्या दिशेने. मुलीच्या आईचा चेहरा उतरला. आपल्यासमोर घरात भांडण झालं, आणि ज्याच्याशी मुलीचं लग्न ठरवलं तो रागावून निघून गेला, एवढंच तिला दिसत होतं. बाई हातातली बॅटरी भर उन्हात चालू करत होत्या, बंद करत होत्या.

"तू जा गं त्याच्या मागं," त्या मला म्हणाल्या. "बोलू नको काय. नुसती जा."

मी गेले. तो भराभर चालत होता, मी चार हात मागे. गावाच्या कडेला एक घर लागलं. सारवलेल्या अंगणात एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तो अंगणाच्या बाहेर थांबला. आधी त्याने पाणी मागितलं. तिने तांब्या दिला. पाणी पिऊन झालं, तांब्या परत दिला, तरी तो उभाच. मला वाटलं, आता परत फिरेल.

"मावशी, खराटा मिळेल का?" तो म्हणाला. "काम झालं की आणून देतो."

तिने त्याच्या बुटांकडे, घड्याळाकडे बघितलं. "खराटा? कशाला रं?"

"झाडायचंय."

"काय झाडायचंय?"

"घर."

"कोणाचं?"

त्याने मागे बघितलं. मी उभी आहे हे त्याला दिसलं. मग परत तिच्याकडे वळून म्हणाला, "आमचं. ते नदीवरचं."

"ते लेणं?" तिने शेंगा बाजूला ठेवल्या. "तुमचं हाय ते?"

"हो. आमचं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने कंबरेवर हात ठेवले. "मग इतके दिस होते कुठं तुमी? पोरं येतात, दारू पितात, बाटल्या फोडतात. आमची गुरं पाण्यावर जातात, त्यांच्या खुरात काचा घुसतात. घर तुमचं, तर बघायचं कोणी? आमी?"

माणसं अशा वेळी खुलासे देतात. मी कुठे असतो, मला सुट्टी किती, दोष कुणाचा. तो इंजिनीअर त्या अंगणाबाहेर शाळेतल्या मुलासारखा ऐकून घेत उभा राहिला. म्हणाला, "चुकलं, मावशी. आता येत जाऊ."

"येत जा," ती म्हणाली आणि आत गेली. दोन खराटे आणि एक घमेलं घेऊन आली. "काचा खराट्यानं नको लोटू, हातानं उचल. नवा हाय खराटा."

घमेलं त्याने माझ्या हातात दिलं आणि दोन्ही खराटे खांद्यावर घेतले. येताना आम्ही पायवाटेने नाही, रस्त्याने आलो. तो रस्त्याने चालला म्हणून मीही चालले. आमच्या टेंपोमागे मुंबईची एक मोठी गाडी येऊन थांबली होती. काळे चष्मे लावलेली माणसं खाली उतरून लेण्याकडे बघत होती. त्यातल्या एकाने याच्या खांद्यावरचे खराटे बघितले आणि हात वर करून विचारलं, "भैया, सफाईवाले हो क्या? अंदर जा सकते हैं?"

मी बाईंच्या मुलाकडे बघितलं. नेमकं हेच आयुष्यात कुणी आपल्याला विचारू नये असं त्याला लहानपणापासून वाटत होतं, आणि आता ते बाईंच्या, होणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या आणि आम्हा सगळ्यांच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं गेलं होतं. तिकडे दगडावर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्याने खराटे खांद्यावरून खाली घेतले नाहीत.

"घरमालक," तो म्हणाला. "जरा थांबा, केर काढून होऊ द्या. मग या सगळे आत."